निश्चित आणि अनिश्चित : मराठी संगीत रंगभूमीच्या परिवर्तनाचा एक विचार

मराठी रंगभूमीचा इतिहास सामान्यतः अव्यवस्थेकडून व्यवस्थेकडे झालेल्या प्रवासाच्या रूपाने सांगितला जातो. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी आख्यानपर नाटकांस प्रारंभ केला. त्यांत नटांची भाषणे लिहिलेली नसत, जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे बोले. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक आले आणि लिखित संवादांचे युग सुरू झाले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'ने गद्य, पद्य व अभिनय यांचा मेळ घातला, आणि येथून पुढे मराठी नाटक खऱ्या अर्थाने कलापदवीस पोहोचले, असे या निवेदनाचे स्थूल रूप आहे. ते खोटे नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते ती ही, की कलाकृतीत अगोदरपासून ठरलेले जे नसते तो तिचा उणेपणा होय, आणि कलेची प्रगती म्हणजे हा उणेपणा क्रमाक्रमाने दूर होणे होय.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची परीक्षा करावयाची आहे. विष्णुदासांच्या नाटकात जे अनिश्चित होते ते पुढे नाहीसे झाले काय? की ते केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले? पुढील विवेचनाचा रोख दुसऱ्या पर्यायाकडे आहे. नव्या प्रकाराच्या स्वीकाराबरोबर रंगभूमीने अनिश्चिततेचा त्याग केला नाही; तिचे स्थान मात्र प्रत्येक वेळी बदलले. हा प्रश्न केवळ इतिहासाच्या तपशिलाचा नाही. नाटकाची संहिता कशास म्हणावे, नटाच्या कर्तृत्वाचे मोजमाप कसे करावे, आणि नवे काही निर्माण करू पाहणाराने कोणती गोष्ट पक्की करून कोणती मोकळी ठेवावी, या तिन्ही प्रश्नांशी त्याचा निकट संबंध आहे.

(१)

प्रयोगरूप कलांत दोन अंगे नेहमीच असतात. एक अंग प्रयोगापूर्वी ठरलेले असते. दुसरे प्रयोगाच्या वेळी आकारास येते. पहिल्यास निश्चित अंग व दुसऱ्यास अनिश्चित अंग म्हणता येईल. येथे अनिश्चितता म्हणजे गलथानपणा नव्हे. ज्या जागी कलावंताने त्या क्षणी निर्णय घ्यावा अशी त्या कलेचीच अपेक्षा असते, ती जागा अनिश्चित. जी जागा भरून काढावयास हवी होती पण तयारीच्या अभावी रिकामी राहिली, ती केवळ उणीव. या दोहोंत गल्लत झाली म्हणजे जुन्या रंगभूमीविषयीची मते एकांगी होतात.

मराठी श्रोत्यास या विभागणीचा परिचय नाटकापूर्वीपासून होता. नारदीय कीर्तनात पूर्वरंगासाठी घेतलेला अभंग अथवा पद निश्चित असते. त्यावरील निरूपण बुवांचे स्वतःचे असते. उत्तररंगातील आख्यान सर्वांच्या परिचयाचे असते. ते कोठे लांबवावे, कोठे आवरावे, कोणता दृष्टांत कोणत्या गावी द्यावा, हे समोरची सभा पाहून ठरते. तमाशातील वगाची कथा ठरलेली असली तरी सोंगाड्याचे बोलणे बहुतांशी त्याच्या हजरजबाबीपणावर सोपविलेले असे. कोकणातील दशावतारातही कथाभाग ठरलेला आणि भाषणे पात्रांच्या तोंडी आयत्या वेळी येणारी, अशीच रीत होती. तात्पर्य, गीत ठरलेले आणि बोलणे मोकळे, ही वाटणी विष्णुदासांनी शून्यातून निर्माण केली नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेल्या वाटणीचा त्यांनी नव्या कार्यासाठी उपयोग केला.

(२)

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि त्या धर्तीवर, परंतु अधिक नीटस, असे काही मराठीत करण्याची आज्ञा आपल्या आश्रयास असलेल्या विष्णुदासांना केली. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' या आख्यानाचा प्रयोग झाला. तंजावर येथे भोसले राजांच्या आश्रयाने मराठी नाटके याहून पुष्कळ पूर्वी लिहिली गेली होती हे खरे. परंतु महाराष्ट्रातील सार्वजनिक रंगभूमीची अखंड परंपरा सांगलीच्या या प्रयोगापासून धरली जाते.

या प्रयोगाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभी सूत्रधार व त्याचे साथीदार मंगलाचरण करीत. मग विदूषक येई. त्यानंतर गणपतीचा प्रवेश व पाठोपाठ सरस्वतीचे आगमन होई. आणि त्यांचे आशीर्वाद घेऊन मुख्य आख्यानास सुरुवात होई. कथेचा धागा सूत्रधाराच्या हाती असे. तो पद म्हणून प्रसंग सांगे आणि त्या पदाच्या आशयास अनुसरून पात्रे आपले गद्य भाषण करीत. पदे विष्णुदासांनी रचलेली असत. भाषणे मात्र नटांची. म्हणजे गीत, कथाक्रम व प्रवेशाचे संकेत हे निश्चित अंग, आणि नटाचे बोलणे हे अनिश्चित अंग.

या वाटणीचे लाभ उघड होते. एकच आख्यान प्रेक्षकांच्या उत्साहाप्रमाणे लांबविता किंवा आटोपते घेता येई. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाल्यावर राजाश्रय संपला आणि मंडळीस गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ मध्ये ती मुंबईस आली. दरबारातील निवडक प्रेक्षकांच्या जागी सर्व थरांतील पैसे देणारा प्रेक्षक आला. या बदललेल्या परिस्थितीत टिकून राहण्यास नटांच्या मोकळ्या बोलण्याची मदतच झाली असली पाहिजे. कारण बांधलेली संहिता सर्वत्र सारखीच राहते, मोकळे बोलणे सभेप्रमाणे बदलू शकते.

परंतु येथेच या पद्धतीची मर्यादाही दिसून येते. उत्स्फूर्त म्हणविले जाणारे सर्वच नवे नसते. रोज रात्री तेच आख्यान करणारा नट लवकरच ठराविक वाक्यांचा साठा जमवितो. देवांचे बोलणे एका साच्याचे, राक्षसांच्या आरोळ्या दुसऱ्या साच्याच्या, स्त्रीपात्रांचे विलाप तिसऱ्या साच्याचे होतात. वरवर मोकळी असलेली जागा सवयीने भरून जाते, आणि लिहिलेले नसूनही भाषण ठरून जाते. राक्षसपार्टीचा धुडगूस हा पुढे जो चेष्टेचा विषय झाला, त्याचे कारण नटांना मोकळीक होती हे नव्हे. त्या मोकळिकीतून नवे काही निघेनासे झाले होते, हे त्याचे कारण होय.

या संदर्भात एक पुरावा फारच बोलका आहे. विष्णुदासांच्या पदांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पदे आहेत. भाषणे नाहीत, आणि असणेही शक्य नव्हते. प्रेक्षकांनी ज्यासाठी रात्र रात्र जागविली त्यातील फार मोठा भाग अशा रीतीने आज उपलब्ध नाही. उपलब्ध असलेल्या निश्चित अंगावरून संपूर्ण प्रयोगाची किंमत ठरविणे म्हणजे कीर्तनकाराने घेतलेल्या अभंगावरून त्याच्या निरूपणाची किंमत ठरविण्यासारखे आहे.

(३)

लिखित संवादांकडे रंगभूमी का वळली, याचे उत्तर पुष्कळदा इंग्रजी शिक्षण या एका शब्दात दिले जाते. शेक्सपिअरचा व संस्कृत नाटकांचा अभ्यास महाविद्यालयांत सुरू झाला होता आणि त्याचा परिणाम झाला, हे निर्विवाद आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि अनुकरण हे पूर्ण कारण नव्हे. लिखित संवादांची गरज विषयातूनच उत्पन्न झाली.

कीर्तन्यांनी पौराणिक आख्यान सोडून इतिहास घेतला, आणि त्यातही माधवराव पेशव्यांचा मृत्यू व रमाबाईंचे सहगमन असा शोकान्त विषय घेतला. येथे पदांतून कथा सांगणारा सूत्रधार पुरेसा पडत नाही. राघोबादादा व माधवराव यांच्यातील तेढ उभी करावयाची तर एकाच्या बोलण्यातून दुसऱ्याचे बोलणे उद्भवले पाहिजे, आणि पहिल्या अंकात टाकलेला शब्द शेवटच्या अंकात फळास आला पाहिजे. असा कार्यकारणभाव दोन नटांच्या आयत्या वेळच्या सुचण्यावर सोपविता येत नाही. आख्यानात प्रसंग एकामागून एक येतात. संघर्षप्रधान नाटकात एक प्रसंग दुसऱ्यास जन्म देतो. म्हणून भाषणे ठरविणे अपरिहार्य झाले. याच्याही अगोदर, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहिले होते. ते त्या काळी रंगभूमीवर आले नाही. परंतु त्यातही एका निश्चित सामाजिक अन्यायाची उकल करावयाची असल्याने पात्रांचे बोलणे व त्यावरील विदूषकाचे भाष्य लेखकाने स्वतःच लिहून ठेवले, ही गोष्ट वरील विधानास पुष्टी देणारी आहे.

'बुकिश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नाटकांनी नटाचा एक अधिकार काढून घेतला. पूर्वी तो अंशतः कवी होता. आता तो पाठ म्हणणारा झाला. या बदलात पुष्कळ जुने नट निरुपयोगी ठरले असतील, असे सहज वाटते. पण थोडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की शब्द निश्चित होताच दुसरी एक जागा मोकळी झाली. तेच शब्द कसे उच्चारावे, कोठे थांबावे, कोणत्या भावाला प्राधान्य द्यावे, हा प्रश्न पूर्वी स्वतंत्रपणे उद्भवतच नव्हता. कारण शब्द आणि भाव एकदमच सुचत. आता तो उद्भवला. त्याबरोबर तालीम या गोष्टीस महत्त्व आले आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखे कुशल तालीममास्तर निर्माण झाले. गणपतराव जोशी यांनी आगरकरांच्या 'विकारविलसित' या रूपांतरातील हॅम्लेटाच्या भूमिकेने जो लौकिक मिळविला तो शब्द रचण्याचा नव्हता, दिलेल्या शब्दांस अर्थ देण्याचा होता. अनिश्चितता शब्दांतून निघून उच्चारात व अभिनयात आली.

(४)

किर्लोस्करांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'संगीत शाकुंतल'चा जो पहिला प्रयोग झाला तो संपूर्ण नाटकाचा नव्हता. पहिल्या चार अंकांचाच होता. सातही अंकांचा प्रयोग पुढील वर्षी, १८८१ मध्ये झाला. नवा नाट्यप्रकार लोकांस रुचेल की नाही याची खात्री नसता, आणि हाती पूर्ण कृती नसता, किर्लोस्कर प्रेक्षकांसमोर उभे राहिले. नाटक पुरे करावे आणि मग रंगभूमीवर आणावे, हा क्रम त्यांनी पाळला नाही. उरलेल्या अंकांची रचना पहिल्या अंकांच्या अनुभवानंतर पुरी झाली.

हा निव्वळ धाडसाचा भाग नव्हता. कोणती जोखीम घ्यावयाची आणि कोणती घ्यावयाची नाही, याची निवड त्यात दिसते. कथा कालिदासाची, म्हणजे सुशिक्षितांस पूर्ण परिचित. गद्य लिहून ठरविलेले. पदांच्या चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या, साकी, दिंडी, कामदा यांच्या आणि कानडी वळणाच्या. म्हणजे कोणत्या ना कोणत्या थरातील श्रोत्याच्या कानावरून गेलेल्या. सुमारे दोनशे पदांच्या या नाटकात नवे काय होते? विष्णुदासी पद्धतीत पदे सूत्रधाराच्या तोंडी होती. येथे दुष्यंत, शकुंतला व कण्व आपापली पदे स्वतः म्हणू लागले, आणि सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला. आपल्या मनातील भाव पात्राने गाऊन सांगावा, हे प्रेक्षक खरे मानील काय, ही एकच मोठी शंका होती. बाकीची सर्व अंगे परिचयाने सुरक्षित करून किर्लोस्करांनी ती एकच शंका रंगभूमीवर तपासून पाहिली.

परिवर्तन स्वीकारणे म्हणजे सर्वच आधार एकदम सोडणे, असा समज नवोदित लेखकांत व समीक्षकांत आढळतो. 'शाकुंतला'चे उदाहरण त्याच्या विरुद्ध आहे. ज्या अंगात प्रयोग करावयाचा त्याच्या सभोवतालची अंगे जितकी पक्की, तितका प्रयोगाचा निकाल स्पष्ट. सर्वच नवे असते तर प्रेक्षकांनी नाकारल्यावर काय नाकारले, हे कळण्यास मार्ग उरला नसता.

पात्रांनी गाण्याचा संकेत रूढ झाल्यावर नटाची निवडही बदलली. पहिल्या 'शाकुंतला'त दुष्यंताचे काम मोरोबा वाघोलीकरांनी, कण्वाचे बाळकोबा नाटेकरांनी आणि शकुंतलेचे शंकरराव मुजुमदारांनी केले. १८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले, आणि त्याच वर्षी 'सौभद्र' रंगभूमीवर आले. 'रामराज्यवियोगा'चे तीन अंक १८८४ मध्ये झाले. १८८५ मध्ये किर्लोस्कर निवर्तले आणि ते नाटक तसेच राहिले. अपूर्ण कृती रंगभूमीवर आणण्याची रीत पहिल्या नाटकात फलदायी झाली आणि शेवटच्यात अपुरी राहिली. तरीही अपूर्ण 'रामराज्यवियोगा'चे प्रयोग होत राहिले, यावरून त्या काळच्या प्रेक्षकांची नाटकाच्या पूर्णत्वाविषयीची कल्पना आजच्याहून वेगळी होती, असे अनुमान करण्यास जागा आहे.

(५)

किर्लोस्करांच्या पदांत चाल हा भाव पोहोचविण्याचा मार्ग होता. गायनविस्तारास त्यात मर्यादित वाव होता. हा वाव पुढील पिढीत झपाट्याने वाढला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) या नाटकास गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवर' (१९१६) यास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. या चालींमागे ख्याल व ठुमरी यांतील बंदिशी होत्या. बंदिशीचा स्वभावच असा, की ती जेवढी लिहिता येते तेवढीच नसते. मुखड्याभोवती गायकाने दर वेळी नवा विस्तार करावा, ही तिची अपेक्षा असते. अशी चाल नाटकात येताच तिच्याबरोबर ही अपेक्षाही आली. भाषण पक्के, पदाचे शब्द पक्के, चाल पक्की. पण ते पद किती वेळ चालेल आणि आज कोणत्या वळणाने जाईल, हे अनिश्चित. बालगंधर्वांच्या पदांस वन्समोअर मिळाला म्हणजे तेच पद पुन्हा होई, पण तसेच पुन्हा होत नसे. आणि श्रोते त्या फरकासाठीच ते पुन्हा मागत.

येथे एक चक्र पुरे झालेले दिसते. विष्णुदासांच्या काळी गीत ठरलेले व बोलणे मोकळे होते. बालगंधर्वांच्या काळी बोलणे ठरलेले व गीत मोकळे झाले. रंगभूमीने सत्तर वर्षांत आपली दोन्ही अंगे उलटी केली, पण प्रयोगाच्या क्षणी काहीतरी घडावे ही मूळ गरज सोडली नाही.

या स्थित्यंतराच्या पार्श्वभूमीस असलेली एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने सरकारला प्रयोग बंद करण्याचा अधिकार दिला होता. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले; पौराणिक कथेच्या आडून कर्झनशाहीवर टीका करणाऱ्या या नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. याच नाटककाराचे पुढील वर्षीचे नाटक संगीताने ओथंबलेले होते, यावरून सरळ कार्यकारणसंबंध काढणे घाईचे होईल. परंतु लिहिलेला शब्द पुरावा म्हणून दाखविता येतो आणि तान दाखविता येत नाही, हा भेद त्या काळच्या नाट्यव्यवसायात कोणाच्याच ध्यानात आला नसेल, असेही म्हणवत नाही. निश्चित केलेली संहिता कलेच्या दृष्टीने लाभदायक झाली, तशी ती नियंत्रणासही सोयीची झाली.

संहितेचे निश्चितपणही किती सापेक्ष होते, हे 'एकच प्याला'वरून कळते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. नाटक पुढील महिन्यात रंगभूमीवर आले. आणि त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचलेली होती. आज एका लेखकाच्या नावावर असलेली ही कृती प्रत्यक्षात दोन लेखणींची आहे, आणि गाणाऱ्या नटाचे कर्तृत्व त्याहून निराळेच.

(६)

मात्र सवयीचा जो धोका विष्णुदासी भाषणास होता तोच नाट्यगीतासही होता. पदाचा विस्तार वाढत गेला तसा प्रवेशातील प्रसंग थांबू लागला. विरहाने व्याकूळ झालेले पात्र टाळ्यांना प्रतिसाद देऊन पद पुन्हा गाऊ लागले. मोकळी जागा नाट्याची होती; ती गायनाने पूर्णपणे व्यापली, तेव्हा नाटकासाठी ती बंद झाल्यासारखीच होती. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. पदांची संख्या थोडी, पात्रांचे वागणे घरगुती, आणि संवादांतील विराम बोलके, अशी या प्रयोगाची दृष्टी होती. अनिश्चिततेचे स्थान पुन्हा हलले. या वेळी ते पात्रांच्या मनोव्यापारांत गेले.

याच सुमारास बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ चा. बोलपटात अनिश्चित अंग चित्रीकरणाच्या दिवशीच संपते; प्रेक्षकांसमोर जे येते ते कायमचे ठरलेले असते. बालगंधर्वांनी प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात एकनाथांची भूमिका केली, पण प्रभातशी त्यांचा हा संबंध त्या एका चित्रपटापुरताच राहिला. त्यास अनेक कारणे असतील. परंतु ज्या कलावंताचे सामर्थ्य समोरच्या श्रोत्यांबरोबर पद वाढविण्यात होते, त्याच्या कलेतील मुख्य जागाच या माध्यमात उरत नव्हती, हे कारण त्यांत गौण मानता येणार नाही. नवे माध्यम स्वीकारण्याची तयारी त्यांनी दाखविली. त्या माध्यमात आपल्या कलेचे मोकळे अंग कोठे हलवावे, हा प्रश्न मात्र सुटला नाही. परिवर्तनाचा स्वीकार आणि परिवर्तनातील यश या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची ही खूण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या जागा पुन्हा उघडलेल्या दिसतात. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यात लिखित संहिता असूनही दादा कोंडके यांनी प्रासंगिक कोट्यांनी बोलण्याचे अंग पुन्हा मोकळे केले. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकाचा विषयच घराण्याची शिस्त व कलावंताचे स्वातंत्र्य यांतील संघर्ष हा आहे. जितेंद्र अभिषेकींच्या चालींवर वसंतराव देशपांडे यांनी केलेल्या गायनात तो विषय प्रत्यक्ष ऐकूही येत असे. याउलट 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या विजय तेंडुलकरांच्या नाटकात सूत्रधार, गणपती व सरस्वती हे जुने संकेत परत आले, पण प्रत्येक हालचाल, ताल व उच्चार काटेकोरपणे बांधलेला होता. बाह्य रूप विष्णुदासी पूर्वरंगाची आठवण देणारे, आणि अंतर्गत शिस्त त्याच्या अगदी उलट. एकाच संकेतात निश्चित व अनिश्चित यांची वाटणी किती निरनिराळ्या रीतींनी करता येते, हे या दोन टोकांवरून कळून येते.

(७)

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. विष्णुदास, कीर्तने, किर्लोस्कर व खाडिलकर यांना एका शिडीच्या चढत्या पायऱ्या मानण्याऐवजी, निश्चित व अनिश्चित यांच्या भिन्न वाटण्या म्हणून पाहणे अधिक युक्त आहे. प्रत्येक वाटणीने काही साधले व काही गमावले. संघर्षप्रधान कथानक विष्णुदासी पद्धतीस पेलले नसते. पण सभेनुसार बदलण्याची जी शक्ती तीत होती ती बुकिश नाटकास लाभली नाही.

दुसरा निष्कर्ष संशोधनाच्या साधनांविषयी आहे. छापील पुस्तक हे नाटकाच्या निश्चित अंगाचे साधन आहे. संपूर्ण नाटकाचे नव्हे. अनिश्चित अंगाच्या शोधासाठी नाटकमंडळ्यांच्या तालमीच्या वह्या, प्रॉम्प्टरच्या प्रती, जाहिराती, वृत्तपत्रांतील परीक्षणे, नटांच्या आठवणी आणि ध्वनिमुद्रिका यांकडे वळले पाहिजे. यांतही सावधगिरी हवी. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावे. रंगभूमीवर रंगणारे पद त्यासाठी आखडते घ्यावे लागे. ध्वनिमुद्रिका ऐकून पदाचे मूळ रूप कळले असे मानणारा संशोधक, त्या पदाचे जे सर्वांत महत्त्वाचे अंग होते, तेच हिशेबातून वगळतो.

तिसरा निष्कर्ष निर्मितीविषयी आहे, आणि तो आजच्या लेखकास व नटासही लागू पडेल. अनिश्चितता सर्जनास पोषक असते, हे विधान अर्धे खरे आहे. ती पोषक होते ती दोन अटींवर. एक, तिच्याभोवती काहीतरी पक्के असले पाहिजे. 'शाकुंतला'त परिचित कथा व परिचित चाली यांनी हे काम केले. दुसरी, मोकळी ठेवलेली जागा खरोखर मोकळी राहिली पाहिजे. राक्षसांच्या आरोळ्या व ठराविक ताना यांनी भरून गेलेली जागा नावापुरतीच मोकळी असते. असे झाले म्हणजे ती जागा निश्चित करून दुसरी उघडणे हेच योग्य ठरते. आणि रंगभूमीच्या इतिहासात ज्यांना प्रवर्तक म्हटले जाते त्यांनी बहुधा हेच केलेले आढळते.

या दृष्टीने एक काम अजून व्हावयाचे आहे. एकाच नाटकाची छापील आवृत्ती आणि मंडळ्यांच्या वापरातील हस्तलिखित प्रती यांची ओळीओळीने तुलना केली, तर कोणत्या जागी नटांनी भर घातली, कोणत्या जागी काटछाट केली आणि कोणती जागा दर पिढीत पुन्हा पुन्हा बदलली, हे दिसून येईल. अशा प्रती कुटुंबांच्या व संस्थांच्या संग्रहांत आहेत तोपर्यंतच हे काम शक्य आहे. ते झाले तर मराठी नाटकाच्या संहितांचाच नव्हे, तर त्यांच्या प्रयोगांचाही इतिहास लिहिता येईल.